बाळाला उन्हात झाकण्यापेक्षा उन्हाची वेळ चुकवा

मार्च संपत आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येऊ लागतो. "डॉक्टर, गावाला जायचंय, बाळ चार महिन्यांचं आहे, उन्हासाठी काय लावू?" कोणाला क्रीमचं नाव हवं असतं, कोणाला टोपीबद्दल विचारायचं असतं, तर कोणी बाळाला पाजायला एखादं सरबत लिहून मागतं. मी बालरोगतज्ज्ञ नाही, जनरल फिजिशियन आहे. पण आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात घरातल्या आजोबांच्या बीपीपासून नातवाच्या घामोळ्यापर्यंत सगळं आधी फॅमिली डॉक्टरकडे येतं. म्हणून या विषयावर माझं मत एकदा नीट लिहून ठेवतो.

"काय लावू?" हा प्रश्न नंतरचा आहे. पहिला प्रश्न हा की तुम्ही किती वाजता निघताय आणि कशाने जाताय?

माझं मत सरळ सांगतो. मार्चअखेरपासून पाऊस स्थिरावेपर्यंत, एक वर्षाच्या आतल्या बाळाला सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळेत दुचाकीवरून लांबच्या प्रवासाला नेऊच नये. टोपी घालून नाही, दुपट्यात गुंडाळून नाही, महागडं क्रीम लावूनही नाही. हे मत काहींना टोकाचं वाटेल. असं का म्हणतो ते वाचा, मग तुम्हीच ठरवा.

बाळाचं शरीर उष्णतेपुढे कमी का पडतं?

तीन किलोच्या नवजात बाळाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण ०.२ चौरस मीटर असतं. साठ किलोच्या माणसाचं १.६ ते १.७ चौरस मीटर. आता वजनाशी तुलना करा. प्रत्येक किलोमागे बाळाची त्वचा आपल्या जवळजवळ अडीच पट भरते. म्हणजे बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असेल तर बाळाच्या शरीरात उष्णता शिरायला तितकी मोठी जागा मिळते. थंडीत बाळ लवकर गार पडतं आणि उन्हात लवकर तापतं, त्याचं मुख्य कारण हे आहे.

दुसरी गोष्ट घामाची. शरीर थंड ठेवण्याचं आपलं सगळ्यात मोठं हत्यार घाम. बाळाच्या घर्मग्रंथी असतात, पण त्यांचं काम पहिल्या काही महिन्यांत कच्चं असतं. तिसरी गोष्ट त्वचेची. ती पातळ असते, रंगद्रव्य कमी असतं, त्यामुळे भाजते लवकर.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तुम्हाला गरम झालं तर तुम्ही सावलीत सरकता, शर्टाचं बटण काढता, पाणी पिता. बाळ यातलं काहीच करू शकत नाही. ते रडतं, आणि रडूनही कोणी कपडे सैल केले नाहीत तर थकून गप्प होतं. "ऊन होतं, पण बाळ शहाण्यासारखं झोपलं हो" असं मला अनेकजण कौतुकाने सांगतात. दुपारच्या उन्हात गप्प पडलेलं बाळ शहाणं झालेलं नसतं. त्याला उठवून बघा.

"आज फार नाही, ३८ च आहे" असंही ऐकतो. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उन्हात तासन् तास बसलेल्या लोकांपैकी १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. त्या दिवशी तिथलं तापमान ३८ अंशांच्या आसपासच होतं. ती सगळी मोठी माणसं होती, त्यांना उठून जाता येत होतं. शिवाय बातम्यांत सांगतात ते तापमान सावलीतल्या, हवा खेळणाऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं असतं. चाकणच्या तळेगाव चौकात, पुढे ट्रेलर, बाजूला टेम्पो, खाली तापलेलं डांबर अशा ठिकाणी तुमचं बाळ ज्या हवेत श्वास घेतं ती यापेक्षा बरीच गरम असते. हवा ४० अंशांवर असेल तेव्हा डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतो.

झाकल्याने ऊन अडतं, उष्णता अडकते

आपल्याकडे प्रवासाला निघालेलं बाळ कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा. अंगात झबलं, त्यावर स्वेटर नसला तरी जाड फ्रॉक, डोक्याला लोकरीची टोपी किंवा कुंची, पायात मोजे, वरून दुपटं आणि सगळ्यावर आईची ओढणी, तोंडासकट. हे एप्रिलमध्ये.

"आजी, टोपी काढा जरा" म्हटलं की उत्तर येतं, "अहो डॉक्टर, वारं लागंल ना त्याला." मी आजींशी वाद घालत नाही. त्यांनी सहा-सहा पोरं वाढवलेली असतात, आणि थंडीत वाऱ्याची भीती बरोबरही आहे. पण मी त्यांना बाळाच्या मानेमागे हात घालायला सांगतो. तिथे ओलं आणि गरम लागलं की त्या स्वतःच टोपी काढतात. मानेमागचा हात हा कुठल्याही घरात वापरता येणारा तापमापक आहे. हाता-पायाच्या बोटांवरून ठरवू नका, ती बाळांची एरवीही गार लागतात.

सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी बाबागाडीवर हाच प्रयोग करून पाहिला. त्यांचा अहवाल २०२३ मध्ये आला. गाडीवर कोरडं पातळ कापड टाकून झाकली तर आतलं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं. जाड कापडाने त्याहून वाढलं. तेच पातळ कापड ओलं करून टाकलं आणि आत हवेसाठी छोटा पंखा लावला तर तापमान जवळपास ५ अंशांनी उतरलं. माठ जसा पाणी गार करतो तसंच हे आहे. ओलावा उडून जाताना उष्णता घेऊन जातो, पण त्यासाठी हवा वाहती हवी.

यातून तीन गोष्टी घ्या. सावली द्यायची तर ती बाळापासून अंतरावर हवी, जशी छत्रीची असते. अंगाला चिकटलेली सावली म्हणजे पांघरूण. तोंडावर कापड कधीच नको, ओलं तर नकोच, श्वास कोंडतो. आणि ओल्या कापडाची युक्ती आपल्याकडच्या कोरड्या एप्रिलमध्ये चालते. कोकणातल्या दमट हवेत ती तितकी चालत नाही.

कपडे म्हणाल तर पातळ सुती, सैल, फिक्या रंगाचं, पूर्ण बाह्यांचं झबलं आणि पायघोळ लंगोट किंवा सुती पायजमा. डोक्याला कडा असलेली सुती टोपी, तीही उन्हात असतानाच. सावलीत आलात, गाडीत बसलात की काढा. डोक्यातून उष्णता बाहेर पडायला वाट हवी. निघण्याआधी तेल चोपडू नका, घामोळं वाढतं.

दुचाकीबद्दल थोडं जास्त

आपला पट्टा दुचाकीवर चालतो. कंपनीत जायला दुचाकी, बाजाराला दुचाकी, आणि गुरुवारची सुट्टी मिळाली की जुन्नर, मंचर, राजगुरुनगरकडच्या गावालाही दुचाकीच. मी हे समजून आहे. तरीही तिचे तीन दोष सांगतो.

पहिला दोष वाऱ्याचा. आपल्याला वाटतं, गाडी पळतेय म्हणजे बाळाला वारा लागतोय. त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा गार करतो. हवा ४० ची असेल तर तोच वारा भट्टीच्या फुंकणीसारखा अंगात उष्णता भरतो आणि अंगातलं पाणी उडवतो. मोठा माणूस घामाने ते सावरतो. बाळाला तेवढा घाम नसतो.

दुसरा दोष जागेचा. बाळ बहुतेक वेळा वडिलांची पाठ आणि आईची छाती यांच्यामध्ये दाबलेलं असतं. दोन्हीकडून ३७ अंशांची शरीरं आणि मध्ये हवेला जागा नाही. कांगारू पिशवीतही तेच होतं, वर ती बहुधा नायलॉनची असते. थोड्या मोठ्या बाळाला पुढे टाकीवर बसवतात. दोन तास उन्हात उभ्या असलेल्या गाडीची टाकी आणि सीट आधी स्वतःच्या हाताने बघा.

तिसरा दोष कोंडीचा. भोसरी ते चाकण हा रस्ता मोकळा असेल तर पाऊण तासाचाही नाही. पण मोशी, चिंबळी फाटा, आळंदी फाटा, तळेगाव चौक, आंबेठाण चौक यातलं एक ठिकाण तुंबलं की हिशेब संपला. गाडी थांबली की वारा नाही, डोक्यावर ऊन, खालून डांबर, समोरून सायलेन्सर.

यात सुरक्षिततेचा मुद्दा वेगळाच. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ ला काढलेल्या आणि वर्षभरानंतर लागू झालेल्या नियमानुसार, दुचाकीवर चार वर्षांखालचं मूल असेल तर त्याला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. नऊ महिन्यांखालच्या बाळाची मान हेल्मेटचं ओझं पेलायला तयारच नसते. नाशिक महामार्गावर हे सगळं पाळून जाणारी एकही गाडी मी अजून पाहिलेली नाही.

"डॉक्टर, आमच्याकडे चारचाकी नाही, मग घरीच बसू का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आहे, वेळ बदला. पहाटे पाचला निघालात तर साडेआठ-नऊपर्यंत जुन्नरच काय, नारायणगावच्या पुढेही पोहोचता. किंवा बाळ आणि आई एसटीने किंवा पीएमपीएमएलच्या वातानुकूलित बसने, आणि वडील सामान घेऊन दुचाकीवर. बीड, लातूर, नांदेड, जळगावकडच्या घरांनी रात्रीची गाडी धरावी. निगडी, चिंचवड, वल्लभनगरहून त्या सुटतात. तिकिटाचा खर्च जास्त होतो हे मान्य, पण उन्हाने आजारी पडलेल्या बाळाच्या एका दिवसाच्या ॲडमिशनपुढे तो काहीच नाही.

बस आणि कार

बसमध्ये सावलीची बाजू निवडणं फुकट आहे, आणि कोणी करत नाही. चाकणहून नाशिककडे म्हणजे उत्तरेला जाताना सकाळचं ऊन उजव्या खिडकीतून येतं, तेव्हा डावीकडे बसा. दुपारनंतर उलट. परतीच्या प्रवासात बाजू बदलते. खिडकीशी मोठ्या माणसाने बसावं, बाळ आतल्या बाजूला.

भर दुपारची एक गोष्ट लक्षात ठेवा. मेच्या मध्यावर पुणे परिसरात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या आठवड्यात दुपारी बारा-साडेबाराला भिंतीची, झाडाच्या खोडाची, बसथांब्याच्या खांबाची सावली जवळजवळ नसतेच. वर छप्पर किंवा छत्री असेल तरच सावली.

कारमध्ये बसलं की लोक निर्धास्त होतात. काचेबद्दल एवढं जाणून घ्या. साधी काच त्वचा लालेलाल भाजणारे अतिनील ब किरण बऱ्यापैकी अडवते, पण अतिनील अ किरण बाजूच्या काचांतून बरेच आत येतात, आणि उष्णता तर येतेच. पुढची काच दोन थरांची असल्याने जास्त अडवते. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी आणली, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. काचेला काही चिकटवण्यापेक्षा बाळाची सीट सावलीच्या बाजूला बांधणं सोपं. मागे तोंड करून बसवलेल्या बाळापर्यंत पुढचा एसी नीट पोहोचत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने मानेमागे हात लावून बघा. गाडी उन्हात उभी होती तर बाळाला बसवण्याआधी दारं उघडून गरम हवा जाऊ द्या आणि पट्ट्याचं बक्कल हाताने तपासा, त्याने चटका बसतो.

आता यातली सगळ्यात गंभीर गोष्ट. बंद उभ्या कारमध्ये बाळाला एक मिनिटही एकटं सोडू नका. उन्हातल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान १० अंशांच्या आसपास चढतं. खिडकी बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही, हे २००५ मध्ये अमेरिकेत मोजून दाखवलेलं आहे. त्या देशात दरवर्षी सरासरी ३५ ते ४० मुलं अशी दगावतात. बहुतेक प्रसंगांत पालक निष्काळजी नसतात, मागच्या सीटवर बाळ झोपलेलं आहे हेच विसरलेले असतात. आपल्याकडे आता घरोघरी हप्त्यावर कार येतेय. बाळ मागे असेल तेव्हा आपला मोबाईल किंवा पाकीट मागच्या सीटवरच ठेवायची सवय लावा. उतरताना ते घ्यायला मागे वळावंच लागतं.

कोवळं ऊन, क्रीम आणि पाणी

"पण कोवळं ऊन तर चांगलं ना?" सकाळचं कोवळं ऊन दहा मिनिटं लागलं तर काही बिघडत नाही. पण त्यातून व्हिटॅमिन डी मिळतं ही समजूत चुकीची आहे. ते तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोहोचतात, आणि त्या वेळचं ऊन बाळाला देण्यासारखं नसतं. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट व्हिटॅमिन डीचे थेंब सांगितले आहेत. थेंब द्या, उन्हाचा हट्ट सोडा. नवजात बाळाची कावीळही उन्हात धरून बरी करायला जाऊ नका, ती डॉक्टरांना दाखवा.

क्रीमबद्दल. सहा महिन्यांखाली सनस्क्रीन शक्यतो टाळा, सावली आणि कपडे हाच उपाय. अगदीच नाइलाज असेल तर झिंक ऑक्साईड किंवा टायटॅनियम डायऑक्साईड असलेलं, चेहऱ्याच्या आणि हाताच्या उघड्या भागापुरतं, थोडंसं, तेही तुमच्या डॉक्टरांना विचारून. सहा महिन्यांनंतर एसपीएफ ३० चं चालतं, दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. पण एक ध्यानात घ्या. सनस्क्रीन किरणं अडवतं, उष्णता अजिबात अडवत नाही. क्रीम लावलेलं बाळसुद्धा तापतं.

पाणी. सहा महिन्यांखालच्या बाळाला कितीही ऊन असलं तरी फक्त आईचं दूध. त्यात ८८ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला उष्ण प्रदेशांसाठीही हाच आहे. वरून पाणी, ग्लुकोज, घुटी, साखरपाणी देऊ नका. जुलाबाचा धोका येतो, पोट पाण्याने भरलं की दूध कमी जातं, आणि लहान बाळाच्या रक्तातलं सोडियम उतरून झटकेसुद्धा येऊ शकतात. प्रवासात अंगावर पाजण्याच्या वेळा वाढवा, आणि पाणी आईने भरपूर प्यावं. एसटीत पाजायला संकोच वाटतो म्हणून बाया दोन-दोन तास पाजत नाहीत. सोबत सासूबाई असोत की नवरा, त्यांनी आडोसा धरावा. बाळ वरचं दूध पीत असेल तर बनवलेलं दूध गरम गाडीत तासाच्या वर ठेवू नका. सहा महिन्यांनंतर उकळून गार केलेलं पाणी घोट-घोट द्या.

आणि कांदा. उन्हात कांदा जवळ बाळगायची आपली जुनी रीत आहे, चाकणला कांद्याचा तोटाही नाही. खिशात ठेवायला माझी हरकत नाही. त्याने ऊन उतरत नाही, एवढं माहीत असू द्या.

थंड हवा म्हणजे ऊन कमी, असं नाही

लोणावळा, महाबळेश्वर, भीमाशंकरला गेलात की गार वाटतं आणि टोपी पिशवीत जाते. अतिनील किरण उकाड्याने मोजत नाहीत. उंचीवर हवा विरळ होते आणि दर हजार मीटरला हे किरण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आहे. तिथे बाळ तापणार नाही, पण भाजेल. समुद्रकिनारी वाळू आणि लाटांचा फेस खालून किरण परत फेकतात, म्हणून छत्रीखालीही अंगभर कपडे हवेत. पातळ ढगांतून किरण मोठ्या प्रमाणात येतात. जूनमध्ये पालख्या निघतात, आकुर्डीला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो, तेव्हा तान्ह्यांना दर्शनाला आणतात. दर्शन घ्या, पण सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, आणि गर्दीच्या मध्यात शिरू नका.

धोक्याच्या खुणा आणि पहिले उपाय

या खुणा दिसल्या तर प्रवास तिथेच थांबवा:

– बाळ मलूल पडलं आहे, हाक मारून, पायाला टिचकी मारून नीट जागं होत नाही
– अंगावर ओढत नाही किंवा सारखं उलटी करतंय
– सहा ते आठ तासांत शू नाही, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही
– अंग तापलेलं आणि कोरडं, श्वास जोरात
– झटके

सावलीत न्या. लंगोटासकट सगळे कपडे काढा. साध्या नळाच्या पाण्याने अंग, काख, जांघ, मान ओली करा आणि पंख्याने, वहीने, जे हाती लागेल त्याने वारा घाला. बर्फ, कोलनवॉटर, स्पिरिट नको. बाळ शुद्धीत असेल आणि ओढत असेल तर पाजा, नसेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पाणी-वारा चालू ठेवा.

एक घोळ नेहमी होतो. दीड महिन्याच्या, अडीच महिन्यांच्या, साडेतीन महिन्यांच्या डोसला बाळाला घेऊन आई दुपारी बाराला उन्हातून घरी येते. अंग तापलेलं लागतं, सगळे म्हणतात "डोसचा ताप". कदाचित असेलही. पण आधी कपडे सैल करा, गार जागी ठेवा, पाजा, आणि वीस-तीस मिनिटांनी तापमापक लावा. उन्हाने तापलेलं बाळ तेवढ्यात उतरतं. पॅरासिटामॉल उन्हाच्या तापावर काम करत नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप दिसला तर घरी वाट पाहू नका, दाखवायला न्या.

सगळं आईच्याच डोक्यावर टाकू नका

आतापर्यंत जे लिहिलं ते घरातल्यांसाठी. पण उन्हात फिरणारी सगळीच बाळं हौसेने फिरत नाहीत.

अहमदाबादचं उदाहरण सांगतो. २०१० च्या मे महिन्यात तिथे भयंकर उष्णतेची लाट आली. एका सार्वजनिक रुग्णालयात नवजात बाळं उष्णतेने आजारी होऊन अतिदक्षता विभागात येत होती. अभ्यासात दिसलं की ४२ अंशांच्या वर दर अंशाला अशा दाखल्यांत ४३ टक्क्यांनी वाढ होत होती. बाळंतिणींचा वॉर्ड वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या छताखाली होता. तो तळमजल्यावर हलवला आणि दाखल होणारी बाळं बरीच कमी झाली. औषध बदललं नाही, आयांना कोणी भाषण दिलं नाही, फक्त जागा बदलली. पुढे २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडाच केला.

हा धडा आपल्यालाही लागू होतो. लसीकरणासाठी एप्रिल-मेमध्ये सकाळी आठला सुरुवात करून साडेदहाला आटोपता येईल, रांग छपराखाली लावता येईल. याला वेगळा निधी लागत नाही, वेळापत्रक लागतं. महामार्गावरच्या अनेक थांब्यांना आजही छप्पर नाही. जिथे पत्र्याचं आहे तिथे खाली उभं राहणं म्हणजे तव्याखाली उभं राहणं. त्यावर झाडाची किंवा पांढऱ्या रंगाची तरी सोय व्हावी.

आणि कंपन्यांबद्दल. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याचा हक्कही त्यात आहे. आता बघा, डिसेंबरमध्ये बाळंत झालेली बाई रजा संपवून बरोबर जूनच्या आसपास कामावर येते, आणि ऑक्टोबरमधली एप्रिलच्या ऐन उन्हात. पाळणाघर कंपनीत किंवा जवळ नसेल तर सहा महिन्यांचं बाळ स्कूटरवरून एका टोकाला आजीकडे आणि दुपारी शिफ्ट सुटल्यावर परत. कंत्राटी कामगार बायांना तर बऱ्याचदा हा कायदा आपल्याला लागू आहे हेही सांगितलं जात नाही. मनुष्यबळ विभागात काम करणारे माझे काही रुग्ण हे वाचतात. त्यांना माझी विनंती आहे, पाळणाघराची फाइल एकदा उघडून बघा.

शेवटी घरचं. चाकण-मोशीकडच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचं बाळ प्रवासातून घरी येतं तेही तापलेल्याच खोलीत. अशा वेळी पोहोचल्यावर लगेच आत नेऊ नका. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे, मंदिराच्या ओवरीत, झाडाखाली तासभर थांबा, पत्र्यावर पाणी मारा, मग आत जा.

या सुट्टीत गावाला जाणार असाल तर बॅग भरण्याआधी घरात सगळ्यांनी बसून निघायची वेळ ठरवा. पहाटेची ठरली तर बाकीची तयारी निम्म्याने कमी होते. दुपारचीच ठरत असेल, तर गुरुवार पुढच्या आठवड्यातही आहे.